पेल्यातला पहारेकरी

आमच्या भट्टीघराच्या दारावर, चौकटीच्या डाव्या कोपऱ्यातून, एक चीर वर गेली होती. सोमवारी सकाळी तिच्यात टपालाचं कार्ड जेमतेम शिरत होतं. गुरुवारी दुपारी मी फूटपट्टी लावली, तेव्हा कोपऱ्याशी ती साडेसहा मिलिमीटर भरली आणि वीतभर वर फक्त दोन. म्हणजे भिंत खालून फाटत होती. मी चिरेशेजारी पेन्सिलने तारीख लिहिली आणि फूटपट्टी पिशवीत ठेवली.

आत त्या वेळी तीसेक माणसं दाटीवाटीने उभी होती. त्यांच्यापैकी एकालाही मिलिमीटरशी कर्तव्य नव्हतं.

"हलला!" माझी भावजय कौसर ओरडली. "अल्लाशपथ, आत्ता हलला! माझ्या तळपायाला कळलं!"

"हळू," शेख इद्रिस म्हणाला. "झोपेतून उठणाऱ्याला कुणी हाका मारतं का? तीन हजार वर्षांनी कूस बदलतोय तो."

भट्टीघराच्या मधोमध चार मीटर खोल खड्डा होता. बाहेर कुणी विचारलं तर आम्ही संडासाचा खड्डा खणत होतो. आमच्या टेकडीवर गेल्या पन्नास वर्षांत इतके संडासाचे खड्डे खणले गेलेत, की आमच्याइतकी स्वच्छ माणसं अख्ख्या इजिप्तमध्ये नसावीत. खड्ड्याच्या काठी शेखने पितळी वाडगा ठेवला आणि काठोकाठ भरला. पहिल्या दिवशी पाणी चारी बाजूंनी सारखं ओघळलं होतं. आज ते फक्त पूर्वेकडे, भिंतीच्या अंगाला सांडलं.

"बघा!" शेखने दोन्ही हात वर केले. "राणीचा पहारेकरी खांदा लावतोय. थडग्याचं दार पूर्वेला आहे. जिचं थडगं राजांच्या पुजाऱ्यांना सापडलं नाही, चोरांना सापडलं नाही, परदेशी साहेबांना सापडलं नाही, ती राणी रशवानच्या भट्टीखाली झोपली आहे!"

माझा भाऊ रशवान गुडघ्यांवर बसला होता. तोंड अर्धवट उघडं, डोळे शेखच्या ओठांवर.

रशवान माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्याला पाढे मी शिकवले, परीक्षेला मी बसवलं. मी मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते. वीस वर्षांत माझं एक वाक्यही त्याने असं तोंड उघडं ठेवून ऐकलेलं नाही. मी बोलायला लागले की त्याला मोबाइल आठवतो. मला त्या शेखचा हेवा वाटत होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझी पुढची मोजमापं त्या हिशेबाने तपासून घेता येतील.

शेख स्वतःला मगरिबी म्हणवत असे. पश्चिमेकडच्या त्या मुलखातल्या शेखांना जमिनीखालचे पहारेकरी वश असतात असं आमच्याकडे सगळेच मानतात. त्याची बोली घशातून यायची, अर्धी कळायची नाही. फक्त मंगळवारी टोपलीची ठेच लागली तेव्हा त्याने जी शिवी दिली, ती आमच्याच नाईलकाठच्या सोहाग शहरातली अस्सल शिवी होती. रोज दुपारच्या नमाजानंतर नाईलच्या सात वळणांचं पाणी खड्ड्यात ओतायचं, हा त्याचा विधी. रशवान ते पाणी फेरीबोटीच्या एकाच धक्क्यावरून सात घागरींत भरून आणायचा. मनात सात वळणं आणली की पुरे, असं शेखने, म्हणजे सगळ्यांच्या मौलानांनी, सांगितलं होतं.

आणि या सगळ्याच्या मुळाशी होता आमचा चुलतभाऊ शाझली.

त्याचं घर आमच्या भिंतीला लागून. दोन वर्षांपूर्वी त्याने दर्शनी भिंत गुलाबी रंगवली आणि हिरवं लोखंडी फाटक बसवलं, वर सोनेरी भाले. शाझलीला गोठ्याखाली थडगं लागलं, असं तेव्हापासून वाडीत बोललं जाई. तो कधी हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. चहा पिता पिता नुसता मिशीत हसायचा. त्या हसण्याने माझ्या भावाची झोप गेली. फाटक वाजलं की त्याच्या हातातला घास थांबे.

सरकारने टेकडीवरच्या सगळ्यांना खाली सपाटीवर घरं दिली आहेत. बहुतेक जण गेले. आमचंही घर तिकडे नऊ वर्षं बंद आहे. रशवान उतरत नव्हता, कारण शाझली उतरत नव्हता. आणि शाझली उतरत नव्हता, कारण रशवान इथेच होता. मी उतरलो की दुसरा भिंत ओलांडून माझ्या जमिनीखालचं उपसणार, ही दोघांची एकसारखी खात्री. कौसर दर ईदला विचारायची, "कधी जायचं?" रशवान दर ईदला म्हणायचा, "बघू." त्याची तीन मुलं भट्टीघराच्या त्या पूर्वेच्या भिंतीला पाय लावून झोपत होती.

खड्ड्यातून निघणारी माती दोन रंगांची होती. वर पांढरा चुनखडीचा दगड, आणि दोन मीटरखाली करडा, पापुद्र्यांचा, नखाने सुटणारा दगड. आम्ही त्याला तफ्ला म्हणतो. मंगळवारी माझ्या वहाणेला त्याचा एक खडा चिकटून आला. तो मी धुण्याच्या बादलीत टाकला. दहा मिनिटांत तो फुगला, पानांसारखा उलगडला आणि तळाशी लगदा होऊन बसला.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंही होतं. तरीही मी दोन दिवस गप्प बसले. कारण साधं आहे. शाळेतून येताना मलाही ते हिरवं फाटक दिसायचं, आणि फाटकाआड शाझलीची बायको बहिय्या. आम्ही एकाच बाकावर शिकलो. रसायनाचा प्रयोग ती माझ्या वहीतून उतरवायची. ती गुलाबी भिंतीमागे राहणार, आणि मी भावाच्या घरातल्या कोपऱ्यातल्या खाटेवर! खाली खरंच काही असलं तर, हा विचार मीही दोन रात्री उशाशी घेऊन झोपले. आमच्या टेकडीत थडगी आहेत, हे तर खरंच आहे. राजांची प्रेतं चोरांच्या भीतीने पुजाऱ्यांनीच इकडून तिकडे हलवली; कित्येकांचा अजून ठावठिकाणा नाही. खऱ्याचा एवढा मोठा साठा जवळ असला की त्यावर खोटं सहज खपतं.

गुरुवारी साडेसहा मिलिमीटर मोजल्यावर मात्र जेवताना मी बोलले.

"रशवान, तो तफ्ला पाणी पिऊन फुगतोय. जमीन त्यानेच वर येतेय. पाणी थांबव. भिंत पडेल."

रशवानने भाकरीचा तुकडा मुलुखियाच्या पातळ पालेभाजीत बुडवला. "झालं?"

"झालं."

"आपल्या नशिबात पहिल्यांदा काही येतंय, अब्ला," कौसर म्हणाली. अब्ला म्हणजे बाई, शाळेतल्या बाई. घरातही मला सगळे तेच म्हणतात. "तुम्हाला का बघवत नाही? आयुष्यभर लोकांच्या मुलींना मार्क दिलेत, भावाला एक द्या की."

"मौलाना म्हणालेच होते," रशवान पुटपुटला. "घरात एक जण हेवा करणारा आहे म्हणून पहारेकरी अडून बसलाय."

मी ताट उचललं. यातलं सगळं खोटं असतं तर मला उत्तर देता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून बहिय्याने हाक मारली. "इन्शिराह, इकडे ये. फाटकातून नको, मागून ये."

मागून मी त्यांच्या घरात बारा वर्षांनी शिरत होते. गोठ्याचं छप्पर गेलं होतं. शेजारच्या खोलीत खजुराच्या खोडांचे सहा टेकू उभे होते, आणि त्यांच्यावर भिंत रेलली होती. भिंतीतून माझा हात आरपार गेला असता. जमिनीचा मधला भाग उशीसारखा वर आला होता.

"हे कधीचं?" मी विचारलं.

"दोन वर्षांचं. हाच शेख. हेच सात घागरी पाणी." बहिय्या टेकूला पाठ लावून उभी राहिली. "शेवटच्या दिवशी म्हणाला, पहारेकरी चिडलाय, आता खणलंत तर घरातलं माणूस मरेल. पैसे घेऊन गेला."

"आणि फाटक?"

"माझ्या बांगड्या. आणि बापाकडून आलेला जमिनीचा तुकडा." ती हसली. "शाझली म्हणाला, निदान पुढची बाजू नीट करू. लोकांना वाटू दे. लोक हेवा करतात, इन्शिराह, तेवढं एकच सुख आहे आता घरात. तुझा भाऊ फाटकाकडे बघतो ना, त्या दिवशी शाझलीला जेवण गोड लागतं."

"शेखला आमच्याकडे कुणी पाठवलं?"

ती मनगट चोळत राहिली. त्यावर बांगड्यांच्या जागी फिकट पट्टा होता. मी दोन वर्षं कशाचा हेवा करत होते, ते मला त्या खोलीत उभं राहून दिसलं.

"उद्या दुपारी येशील आमच्याकडे?" मी म्हटलं. "सगळ्यांसमोर?"

"शाझली घरात घेणार नाही मग."

"कुठल्या घरात?"

तिने टेकूंकडे पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं.

त्या दुपारी मी भट्टीघरात चहाचे तीन पेले नेले. पहिल्या दोन्हींत करड्या तफ्ल्याची कुटून दाबलेली भुकटी, तिसऱ्यात पांढऱ्या चुनखडीची. तिन्हींत पाच-पाच सेंटिमीटर. वर पेल्यात सैल बसतील अशी डब्याची झाकणं, त्यांना खिळ्याने भोकं पाडलेली, आणि प्रत्येक झाकणावर एक-एक खडा. झाकणाच्या उंचीवर काचेला शाईची रेघ.

"मौलाना," मी म्हटलं, "माझ्या मनात शंका आहे, म्हणून काम अडलंय म्हणतात. ती तुम्हीच दूर करा. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या पेल्यावर तुमचा मंत्र म्हणा, तुमचं पाणी ओता. पहारेकरी खरा असेल तर दोन्हींतला दगड उचलेल."

शेखने पेल्यांकडे पाहिलं. करड्यावर त्याची नजर सहज गेली. पांढऱ्यावर थांबली. मग त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"पहारेकरी जादूगार नाही, बाई. पेल्यात येत नाही तो."

"चार मीटर जमीन उचलतो आणि खडा उचलत नाही?" मागून आवाज आला. तो रईस बुक्तुरचा होता. रईस म्हणजे उत्खननावरच्या मजुरांचा मुकादम; चाळीस वर्षं परदेशी साहेबांच्या हाताखाली काम करून म्हातारा आता वाडीच्या टोकाला राहतो. "ओता की मौलाना. आम्ही पण बघू. माझ्या गुडघ्यापेक्षा जड नाही तो खडा."

लोक हसले. आता माघार घेता येणार नव्हती. शेखने डोळे मिटले, घशातून बराच वेळ काही म्हटलं आणि पहिल्या व तिसऱ्या पेल्यात घागरीतलं पाणी घातलं.

दुसऱ्या पेल्यात मी मुलुखियाच्या पातेल्याचं खरकटं पाणी ओतलं.

"शी!" कौसर म्हणाली.

"मंत्र नाही म्हटलात, अब्ला?" कुणीतरी विचारलं.

"म्हणते. पातेलं घासायचं राहिलंय."

पेले रईस बुक्तुरने आपल्या घरी नेऊन कपाटात ठेवले आणि किल्ली कमरेला बांधली. तो कुणाच्याच बाजूचा नव्हता. त्याच्या मते सगळेच गाढव होते.

शनिवारी दुपारी आणखी गर्दी झाली. शाझलीही आला, फाटकासारखाच ताठ. रईसने कापड काढून पेले बाजेवर मांडले.

पहिल्या पेल्यातलं झाकण रेघेच्या वर चढलं होतं, खड्यासकट.

"उचलला! उचलला!" एकच गलका झाला. रशवानने शेखचा हात धरून कपाळाला लावला. कौसर रडायला लागली. मी गलका संपू दिला. वर्गातही मी तेच करते.

"आता दुसरा बघा," मी म्हटलं.

दुसऱ्या पेल्यातलं झाकणही वर चढलं होतं. मी फूटपट्टी लावली. पहिला नऊ मिलिमीटर. दुसरा नऊ मिलिमीटर. मग फूटपट्टी रशवानच्या हातात दिली. "तू मोज."

त्याने मोजलं. पुन्हा मोजलं. "नऊ."

"तिसरा?"

तिसऱ्यातला खडा रेघेवरच बसला होता. पाणी पांढऱ्या भुकटीतून मुरून तळाशी गेलं होतं, बस.

"मंत्राचं पाणी, तफ्ला: वर. खरकटं पाणी, तफ्ला: वर. मंत्राचं पाणी, चुनखडी: काही नाही," मी म्हटलं. "या तफ्ल्यात कागदाहून पातळ थर असतात. पाणी थरांमध्ये शिरतं, थर एकमेकांपासून दूर सरकतात, आणि वर जे असेल ते उचललं जातं. पेल्यात खडा असेल तर खडा. घर असेल तर घर. वाडग्यातलं पाणी पूर्वेला सांडतं, कारण जमीन पश्चिमेकडून वर आलीय."

"थडग्यात पाण्याची बाटली!" रईस बुक्तुरने एकदम कपाळावर हात मारला. "अरे देवा! बाटली घेऊन आत गेलेल्या माणसाला साहेब त्याच दिवशी घरी पाठवायचे. मीच हाकलायचो त्यांना! चाळीस वर्षं मला वाटलं, चित्रं ओली होतील म्हणून. ते फुगलेले खांब, तडकलेली छतं… पाणी! आणि तुम्ही गाढवांनी सात घागरी रोज…" मग तो शेखकडे वळला. "तुला कुठेतरी पाहिलंय असं मला वाटतच होतं. तू मगरिबी नाहीस. तू टोपल्या वाहायचास. पाणी सांडलं म्हणून तुलाच मी हाकललं होतं!"

शेखची बोली त्या क्षणी पूर्णपणे कळायला लागली. "म्हाताऱ्या, तोंड सांभाळ. या बाईचा हेवा नडला तुम्हाला, हेवा! पहारेकरी निघून गेला आता."

"हेवा होता," मी म्हटलं. "माझा भाऊ तुमचं ऐकत होता, माझं नाही, म्हणून मी जळत होते. पण माझ्या जळण्याने पेला दोन मिलिमीटर कमी भरत नाही, की जास्त भरत नाही. फूटपट्टी रशवानच्या हातात आहे. माझ्यावर विश्वास ठेवा असं मी कुणालाच म्हणत नाही. तफ्ला दारात पडलाय, पेले तुमच्याही घरात आहेत, पाणी नळाला आहे. घरी जा आणि स्वतः करून बघा. कुणी अद्भुत दाखवलं की एवढंच करा: एकदा त्याच्या मंत्राशिवाय करून बघा. मंत्राविना तेच घडलं, तर घडवणारा मंत्र नव्हे. एवढं विचारायला शाळा लागत नाही."

शेखने वाडगा उचलला, झोळीत घातला आणि लोकांच्या मधून वाट काढली. त्याला कुणी अडवलं नाही. खड्डा बेकायदा होता आणि सगळ्यांनीच तो पाहिला होता.

तेवढ्यात बहिय्या दारातून आत आली. "आमच्याकडेही हेच झालं," ती सरळ म्हणाली. "थडगं नाही, काही नाही. मागची खोली टेकूंवर उभी आहे. हवं त्याने येऊन बघा."

शाझलीची मान लाल झाली. "बाई माणसाने…"

"तुला माहीत होतं?" रशवानने त्याला विचारलं. आवाज इतका खाली होता की मला पुढे व्हावं लागलं. "शाझली, तुला माहीत होतं, आणि तू त्याला माझ्याकडे पाठवलंस?"

मिशीतलं हसू कुठे गेलं कोण जाणे. "एकट्याचंच घर फाटलं असतं तर लोक मला हसले असते," शाझली म्हणाला. "दोघांचं फाटलं, तर… मग तू तरी हसला नसतास."

रशवानच्या मुठी वळल्या. मला वाटलं, आता हाणामारी होणार. रईस बुक्तुर मध्ये उभा राहिला, पण तो त्या दोघांकडे पाहत नव्हता. पूर्वेच्या भिंतीवर त्याने बोटाच्या पेराने ठोकलं, कान लावला, आणखी दोन ठिकाणी ठोकलं.

"पाणी थांबवलं तरी सुकताना ही पुन्हा हलेल," तो म्हणाला. "आज इथे कुणी झोपू नका."

"आज नाही, आणि उद्या?" कौसरने मुलीला जवळ ओढलं. "परवा? रशवान, मी नऊ वर्षं विचारतेय."

रशवान खड्ड्यापाशी गेला. फूटपट्टी अजून त्याच्या हातात होती. त्याने वाकून आत पाहिलं. खाली ओली करडी माती होती, दुसरं काही दिसत नव्हतं. मग तो चुलतभावाकडे वळला.

"शाझली, माझ्या जमिनीखाली जे काही असेल ते तुझं," तो म्हणाला. "आम्ही आज खाली राहायला जातोय."